तीही त्यांच्याबरोबर निघाली

आजाऱ्याच्या समाचाराला गेलेल्याने त्याच्या पलंगावर बसू नये, खुर्चीवरही बसू नये. अंगाभोवती वस्त्र लपेटून त्याच्यासमोर जमिनीवर बसावं, असं तालमूदमध्ये, म्हणजे ज्यू धर्मपंडितांच्या चर्चांच्या जुन्या ग्रंथात, सांगितलं आहे. कारणही लगेच दिलं आहे: आजाऱ्याच्या उशाशी शेखिना असते.

हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा माझी आई अंथरुणाला खिळलेली होती. भेटायला येणारे पलंगाच्या कडेला टेकायचे, तिचा हात हातात घ्यायचे. त्यात वावगं काहीच नव्हतं. पण त्या दिवसापासून मी आईच्या उशाकडची जागा मोकळी ठेवू लागले. औषधांचं स्टूल पायथ्याशी सरकवलं. सलाइनचा स्टँडही शक्य तेव्हा दुसऱ्या बाजूला घेतला. मी ज्यू नाही, आमच्या घरात कुणी ज्यू नाही. तरीही कल्पना पटली की नाही हे ठरवायच्या आधीच तिने माझ्याकडून काम करून घेतलं होतं. मग ही उशाशी येऊन थांबणारी कोण, ते समजून घ्यावंसं वाटलं आणि वाचत गेले. ते वाचन अजून चालूच आहे.

शेखिना म्हणजे देवाचं माणसांत वस्तीला असणं. हिब्रू बायबलमध्ये हा शब्द येत नाही, तो नंतरच्या रब्बींच्या, म्हणजे ज्यू धर्मगुरूंच्या, लिखाणात येतो. तिथे ती देवाहून वेगळी कुणी नाही. दोघे जण तोराचं, म्हणजे धर्मशास्त्राचं, अध्ययन करत बसले की त्यांच्यामध्ये शेखिना असते. दहा जण प्रार्थनेला जमले की तिथे असते. नवराबायको एकमेकांशी नीट वागत असतील तर त्या दोघांतही असते. सगळी ठिकाणं अशी रोजची, घरातली, गल्लीतली. बाबिलोनियात रव योसेफ नावाचे मोठे विद्वान होऊन गेले. ते आंधळे होते. आईच्या पावलांचा आवाज कानी आला की ते म्हणायचे, “शेखिना येते आहे, मला उठून उभं राहू दे.” रब्बींच्या काळात शेखिनेला स्त्री म्हणून कुणी रंगवलेलं नव्हतं, शब्द फक्त व्याकरणाने स्त्रीलिंगी होता, असं अभ्यासक सांगतात. ते बरोबरच असणार. पण एका आंधळ्या मुलाला आईच्या पावलांत ती ऐकू आली, यापुढे मला व्याकरण थोडं तोकडं वाटतं.

इ. स. 70 मध्ये रोमन सैन्याने यरुशलेमचं मंदिर जाळलं. ज्या देवाचं घर एकच होतं, त्याचं ते घर गेलं. मग देव कुठे राहतो? त्याने या लोकांना टाकलं का? हा प्रश्न पुस्तकी नव्हता. माणसं गुलाम म्हणून विकली जात होती, गावं ओस पडली होती. पुढच्या शतकातले रब्बी शिमोन बार योखाय यांचं उत्तर तालमूदने जपून ठेवलं आहे. इस्राएलची लेकरं देवाला किती लाडकी आहेत पाहा, ते म्हणाले. ती जिथे जिथे परागंदा झाली तिथे तिथे शेखिना त्यांच्याबरोबर गेली. मिसरला गेली, तीही गेली. बाबेलला गेली, तीही गेली. आणि ती सुटतील तेव्हा तीही त्यांच्याबरोबर परत येईल.

या उत्तरातलं शेवटचं वाक्य मला फार मोठं वाटतं. सोबत जाणं आपण समजू शकतो. रामामागून सीता वनवासाला निघाली ती कथा आपल्या हाडीमाशी खिळलेली आहे. पण इथे देवही परत येणाऱ्यांत मोजला आहे. म्हणजे तोही अडकलेला आहे. त्याचीही सुटका व्हायची आहे. संदेष्टा यशया याच्या ग्रंथात देव लोकांना सुनावतो की तुमच्या अपराधांपायी तुमच्या आईला घालवून देण्यात आलं. ही आई कोण, याचा विचार पुढे हजारभर वर्षं चालला आणि मध्ययुगात त्याला एकदम धुमारे फुटले.

12 व्या शतकाच्या अखेरीस दक्षिण फ्रान्समधल्या प्रोव्हान्स भागात ‘बाहिर’ नावाचा एक छोटा, तुटक आणि गूढ ग्रंथ लोकांच्या हाती फिरू लागला. त्यात राजा, राणी, राजकन्या यांचे दृष्टांत होते. शंभरेक वर्षांनी स्पेनमधल्या कास्तीलमध्ये ‘झोहार’ प्रकट झाला: मुख्यतः आरामी भाषेत लिहिलेला, प्रचंड मोठा, आणि थेट शिमोन बार योखाय यांच्या नावावर. 1305 मध्ये वारलेले मोशे दे लेओन हेच त्याचे मुख्य कर्ते असावेत, असं 20 व्या शतकात ज्यू गूढविचाराचे अभ्यासक गेर्शोम शोलेम यांनी भाषेच्या पुराव्यावरून दाखवलं. कुणी का लिहिला असेना, या ग्रंथाने शेखिनेला चेहरा दिला, नवरा दिला, मुलं दिली आणि दुःख दिलं.

या ग्रंथांतल्या ज्यू गूढविचाराला काबाला म्हणतात. त्याची मांडणी थोडक्यात अशी. देव मुळात एन सोफ, अनंत; त्याच्याविषयी काहीच बोलता येत नाही. त्याच्यातून दहा तेजं प्रकटतात, त्यांना सेफिरोत म्हणतात. ज्ञान, दया, कठोर न्याय, सौंदर्य अशी ती देवाची अंगं. दहावं आणि सगळ्यांत खालचं मल्खुत, म्हणजे राज्य, तीच शेखिना. तिला चंद्र म्हटलं आहे, कारण स्वतःचा उजेड नाही, वरून येतो तो ती पृथ्वीला देते. तिला समुद्रही म्हटलं आहे, कारण वरच्या साऱ्या नद्या तिच्यात येऊन मिळतात. सहावी सेफिरा तिफेरेत, सौंदर्य, हा तिचा पती. ती दोघं एकत्र असतात तेव्हा जगात पाऊसपाणी, कृपा, आयुष्य सगळं वाहतं. माणसांच्या पापाने त्यांची ताटातूट होते. राजा वर एकटा राहतो, आणि राणी, जिला झोहार मत्रोनिता म्हणतो, लेकरांबरोबर धुळीत येते.

ती नुसती सोशिक आहे असं मात्र कुणी समजू नये. झोहारमधली शेखिना सैन्य बाळगते, शस्त्रं चालवते. दयेचा ओघ वरून थांबला की ती रौद्र होते, आणि तेव्हा तिच्याकडून जगाला मरणही मिळतं. हे वाचताना मराठी वाचकाला आपली एखादी देवी आठवेल. मलाही आठवली. पण ज्यू माणसासमोर तिला देवी म्हटलं तर तो कळवळून उठेल, आणि त्याचं बरोबर आहे. तिला देऊळ नाही, मूर्ती नाही, वेगळं नाव घेऊन तिची वेगळी पूजा नाही. देव एकच आहे असं दिवसातून दोनदा म्हणणाऱ्यांनी हा विचार केला, हीच त्यातली अवघड आणि अद्भुत गोष्ट आहे.

झोहारमधला एक दृष्टांत मी पुन्हा पुन्हा वाचते. एका माणसाचं एका स्त्रीवर प्रेम असतं. ती राहते कातडी कमावणाऱ्यांच्या बाजारात. ती तिथे नसती तर त्याने त्या गल्लीत पाऊलही टाकलं नसतं, इतकी तिथे दुर्गंधी. पण ती तिथे आहे म्हणून तो जातो, आणि त्याला तो बाजार अत्तरांच्या पेठेसारखा वाटतो. परदेशात विखुरलेले ज्यू म्हणजे तो बाजार. तिथे शेखिना आहे म्हणून देव तिथे येतो. कास्तीलमधल्या ज्यूंनी आपल्याविषयी असं लिहावं! आजूबाजूचा समाज त्यांना हेच ऐकवत होता, तुम्ही देवाने टाकलेले आहात. त्यांनी ती दुर्गंधी नाकारली नाही. तिच्यातच राणीला नेऊन बसवलं.

सगळ्यांना हे मानवलं नाही. 10 व्या शतकातले सादिया गाओन आणि 12 व्या शतकातले मायमोनिदीझ यांच्यासारख्या तत्त्वज्ञांनी आधीच बजावून ठेवलं होतं की शेखिना म्हणजे देवाने निर्माण केलेलं एक तेज, खुद्द देव नव्हे. त्यावर 13 व्या शतकातले काबालिस्ट नाख्मानिदीझ यांनी उलट विचारलं की मग निर्माण केलेल्या वस्तूची प्रार्थना करायची का? ती मूर्तिपूजाच झाली! दोन्ही बाजूंना एकाच गोष्टीची धास्ती होती, देवाचं एकत्व ढळू नये. मला तत्त्वज्ञांचं म्हणणं कळतं. पण आजाऱ्याच्या उशाशी निर्माण केलेलं तेज येऊन थांबत असेल, तर त्यात आजाऱ्याला काय?

1492 मध्ये स्पेनने आपल्या ज्यूंना देशाबाहेर काढलं. परागंदा होणं पुन्हा एकदा जिवंत, कालपरवाचं झालं. त्या हद्दपारांतली आणि त्यांच्या वंशातली पुष्कळ माणसं पुढच्या काही दशकांत गालिलच्या डोंगरातल्या त्सफात गावी जमली, आणि काबालाला पूर आला.

त्यांतल्या योसेफ कारो यांची गोष्ट ऐकण्यासारखी आहे. कारो म्हणजे कायद्याचे पंडित. आजही सनातनी ज्यू ज्याच्या आधाराने दिवस काढतात तो ‘शुल्खान आरुख’ हा आचारग्रंथ त्यांचा, 1565 मध्ये व्हेनिसला छापलेला. इतका काटेकोर माणूस. त्सफातला जाण्याआधी, 1530 च्या दशकात, बाल्कन भागात असताना शाव्होतच्या सणाच्या रात्री ते काही मित्रांबरोबर जागरण करून अध्ययनाला बसले. मित्रांत श्लोमो अल्काबेत्झ होते आणि घडलं ते त्यांनी पत्रात लिहून ठेवलं. मध्यरात्रीनंतर कारोंच्याच तोंडून एक वेगळा आवाज निघू लागला. बोलणारी आई होती, शेखिना. माझ्या डोक्यावरचा मुकुट कधीचा पडला आहे, मी धुळीत पडून आहे, उकिरड्याला मिठी मारून बसले आहे, माझं सांत्वन करणारं कुणी नाही. आज तुम्ही माझा मुकुट परत चढवलात, असं ती म्हणाली. सगळे पालथे पडून रडले. तिने उभं राहायला सांगितलं, ते उभे राहून वाचत राहिले. त्या रात्री ते दहा भरत नव्हते, याची तिला खंत वाटली. पवित्र भूमीकडे निघा, असंही तिने सांगितलं. दुसऱ्या रात्री दहा जमले तेव्हा आवाज पुन्हा आला. कारो 1536 मध्ये त्सफातला पोचले.

या प्रसंगाकडे मनोविज्ञानाने बघता येईल. मला त्याची गरज वाटत नाही. हद्दपार झालेल्यांची एक खोली, रात्रीचा अंमल, आणि घसा पंडिताचा पण गाऱ्हाणं आईचं. त्यांनी त्या रात्री देवाकडे काही मागितलं नाही. देवाचंच गाऱ्हाणं ऐकून घेतलं. काबालात मला सापडलेली सर्वांत मोलाची गोष्ट हीच आहे. प्रार्थनेची दिशा इथे उलटी होते. माणसाने देवाला धीर द्यायचा, त्याच्या ताटातुटीत पडून ती दोघं जोडायची. म्हणूनच एखादं धर्मकृत्य करण्याआधी काबालिस्ट एक संकल्प म्हणायचे: पवित्र परमेश्वर आणि त्याची शेखिना यांच्या मीलनासाठी मी हे करतो आहे. मेणबत्ती लावायची असो नाहीतर भिकाऱ्याला दान द्यायचं असो, हेतू तो. 18 व्या शतकात प्रागचे रब्बी येखेझ्केल लांदाऊ या संकल्पावर कडाडून तुटून पडले, असल्या गूढ बोलण्याने लोक अडखळतील म्हणून. तरी तो आजही अनेक प्रार्थनापुस्तकांत छापलेला सापडतो.

त्सफातला हे संकल्पापुरतं राहिलं नाही. अल्काबेत्झ आणि त्यांचे मेहुणे मोशे कोर्दोव्हेरो मुद्दाम घर सोडून रानोमाळ हिंडायचे. शेखिना बेघर आहे, तर आपणही काही काळ बेघर व्हायचं, एवढंच कारण. चालता चालता धर्मवचनांचे अर्थ आपोआप सुचायचे; ते कोर्दोव्हेरोंनी टिपून ठेवले. आणि मूळचे मोरोक्कोचे अव्राहाम बेरुखिम मध्यरात्री गावाच्या गल्ल्यांतून ओरडत जायचे: उठा, शेखिना परदेशात आहे आणि आपलं पवित्र घर जळालं आहे! लोक उठून दिवे लावेपर्यंत ते दारासमोरून हलायचे नाहीत.

याच बेरुखिमांची एक कथा सांगितली जाते. गुरू इत्झ्हाक लुरिया, म्हणजे अरी, त्यांना म्हणाले की तुमचं आयुष्य सरलं आहे. उपाय एकच. यरुशलेमला पश्चिमेच्या भिंतीपाशी जा आणि रडा. शेखिनेचं दर्शन झालं तर वाचलात. बेरुखिमांनी उपास केले, गेले, रडले. मान वर केली तर भिंतीवर त्यांना एका स्त्रीची आकृती दिसली, पाठमोरी. तिला त्या अवस्थेत पाहून ते तोंडावर पडले, केस उपटू लागले, हाका मारमारून रडता रडता शुद्ध हरपली. त्या बेशुद्धीत तिने त्यांच्या चेहऱ्यावर हात ठेवला, डोळे पुसले आणि म्हणाली: बाळ अव्राहाम, शांत हो, तुझ्या पुढच्या दिवसांना आशा आहे, तुझी मुलं आपल्या सीमेत परत येतील. हे वचन यिर्मयाच्या ग्रंथातलं, पोरांसाठी रडणाऱ्या राहेलला देवाने दिलेलं. काबालात राहेल हे शेखिनेचंच एक नाव आहे. म्हणजे एकदा जे सांत्वन तिला मिळालं होतं तेच ती लेकराला देते आहे. बेरुखिम त्यानंतर 22 वर्षं जगले, असं कथा सांगते.

शुक्रवारी संध्याकाळी शब्बाथ, म्हणजे विश्रांतीचा पवित्र दिवस, सुरू होतो; तीच तिच्या घरी येण्याची वेळ. तालमूदमध्येच दोन रब्बी भेटतात, एक अंगावर वस्त्र घेऊन शब्बाथ राणीला सामोरे जाणारे, दुसरे “ये नवरी, ये नवरी” म्हणणारे. त्सफातकरांनी ते शब्दशः केलं. पांढरे कपडे घालून ते सूर्यास्ताच्या आधी रानात जायचे. अल्काबेत्झ यांनी या भेटीसाठी ‘लेखा दोदी’ हे स्तोत्र रचलं, कडव्यांच्या आद्याक्षरांत स्वतःचं नाव गुंफून. सुरुवात नवरीच्या स्वागताने होते, पण मधली कडवी उद्ध्वस्त यरुशलेमशी बोलू लागतात: ऊठ, धूळ झटक, शोभेची वस्त्रं नेस. नवरी, नगरी आणि शेखिना यांची सरमिसळ होत होत शेवटच्या कडव्याला सारे जण दाराकडे तोंड करतात आणि तिला आत बोलावतात. तेव्हापासून हे स्तोत्र जगभर पसरलं, ठाण्या-मुंबईच्या आणि अलिबागच्या इस्राएल आळीतल्या सिनेगॉगांपर्यंत.

ठाण्याला आमच्या शेजारी बेने इस्राएल कुटुंब होतं. घरातल्या आजी शुक्रवारी दुपारीच रांधून ठेवायच्या. ऊन उतरलं की काचेच्या पेल्यात पाणी, वर तेल, त्यात वात, असा दिवा लावायच्या. डोळ्यांवर दोन्ही हात घेऊन काहीतरी पुटपुटायच्या. आत-बाहेर करताना दाराच्या चौकटीवरच्या मेझुझाला, म्हणजे धर्मवचनांच्या डबीला, बोटं लावून ती ओठांना लावायच्या. ती हालचाल इतकी सवयीची, की हातात भाजीची पिशवी असली तरी चुकायची नाही. शेखिनेचं नाव त्यांच्या तोंडी मी कधी ऐकलं नाही, आणि त्या काबाला वाचत होत्या असं मुळीच नाही. पण आज ‘लेखा दोदी’ वाचताना मला त्सफातचे पांढऱ्या कपड्यांतले पुरुष आधी दिसत नाहीत. दुपारपासून उभ्याने खपणाऱ्या त्या आजी दिसतात. नवरी घरात यायची तर घर झाडून, रांधून, दिवा लावून कुणीतरी तयार ठेवलेलं असतं, आणि रानात गेलेल्यांनी ते नक्कीच ठेवलेलं नव्हतं.

इथेच माझं मन अडखळतं. शेखिनेसाठी इतके अश्रू ढाळणाऱ्या या परंपरेत लिहिणाऱ्या बायका जवळजवळ नाहीत. इस्लाममध्ये राबिया आहे, ख्रिस्ती पंथांत तेरेसा आहे, आपल्याकडे मुक्ताबाई आणि जनाबाई आहेत. काबाला मात्र पुरुषांनी पुरुषांसाठी लिहिला. त्यात दहावी जागा, परप्रकाशित चंद्र, वाट पाहणारी, घेणारी, हे सगळं स्त्रीच्या वाट्याला आलं. 1970 च्या दशकापासून अमेरिकेतल्या ज्यू स्त्रियांनी शेखिनेला हाक मारून नव्या प्रार्थना रचल्या, आणि त्यांच्यातल्याच काहींनी बजावलं की ही प्रतिमा पुरुषांनी घडवलेली आहे, ती जशीच्या तशी उचलू नका. मला दोन्ही बाजूंचं पटतं. आईला हाक मारायचा हक्क मुलींना हवाच. आणि तिला कायम खालच्या पायरीवर बसवणाऱ्या रचनेशी भांडायचाही.

एका बाईने मात्र हे फार आधी, आणि आतून केलं. 18 व्या शतकात पोलंडमधल्या बोलेखोव गावात रब्बींची बहीण लेया होरोवित्झ राहायची. त्या रब्बींकडे शिकणारा बेर नावाचा मुलगा पुढे व्यापारी झाला आणि त्याने आठवणी लिहिल्या. तालमूदच्या पानावर तो अडला की लेया विचारायची, कुठे अडलास, शब्द सांग. तो तालमूदचे किंवा राशी या भाष्यकाराच्या टीकेचे दोन शब्द म्हणायचा, आणि ती पुढचं सगळं तोंडपाठ म्हणून अर्थ उलगडून द्यायची.

या लेयाने ‘तखिने इमाहोस’, म्हणजे मातांची प्रार्थना, लिहिली. आधी हिब्रूत प्रस्तावना, मग आरामीत कवन, मग बायकांच्या रोजच्या यिद्दिशमध्ये प्रार्थना. प्रस्तावनेत ती विद्वानांच्या भाषेत, विद्वानांच्याच आधारांनी मांडते की स्त्रियांच्या प्रार्थनेत सुटका जवळ आणण्याचं बळ आहे. बायकांनी सिनेगॉगात यावं, तिथे गप्पा मारू नयेत, आणि रडावं. मात्र नवऱ्याच्या धंद्यासाठी नि पोराबाळांच्या दुखण्यांसाठीच रडू नये, शेखिना परदेशी आहे म्हणून रडावं. काबालिस्ट पुरुषांनी स्वतःकडे राखून ठेवलेलं काम ती सरळ बायकांच्या हाती देते.

पुढच्या बहुतेक आवृत्त्यांनी तिची हिब्रू प्रस्तावना आणि आरामी कवन गाळून टाकलं. बायकांना त्या भाषा येत नव्हत्या, आणि बायकांचं पुस्तक म्हणून पुरुष ते उघडत नव्हते. उरली फक्त यिद्दिश प्रार्थना. अलीकडच्या अभ्यासकांनी जुन्या प्रती शोधून तो गाळलेला मजकूर पुन्हा वाचला, इंग्रजीत आणला. मराठीत तो अजून आलेला नाही. शेखिनेविषयी मराठीत एकच मजकूर आणायचा झाला तर मी झोहारमधला उतारा निवडणार नाही. लेयाची ती प्रस्तावना निवडीन, सगळीच्या सगळी.